व्याख्यानमाला मोफतच ठेवायची, मग पैसे आणायचे कुठून?

ताई, तुमचा प्रश्न इतरांच्याही सोयीसाठी थोडक्यात पुन्हा मांडते. तुम्ही सात जणांनी दोन वर्षांपूर्वी गावात मोफत व्याख्यानमाला सुरू केली. पाच संध्याकाळी, रोज एक व्याख्यान आणि नंतर तासभर खुली चर्चा. लोक येतात, मोकळेपणाने बोलतात. खर्च मात्र सात जणांच्या खिशातून होतो आणि यंदा दोघांनी असमर्थता सांगितली. आता एकजण म्हणतो पन्नास रुपये तिकीट लावू, दुसरा म्हणतो एखादा मोठा प्रायोजक गाठू. काय करावं?

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अशाच व्याख्यानमालेची १९ वर्षं खजिनदार आहे. या दोन्ही वाटांनी आम्ही जाऊन आलोय. माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही नकोत. पैसे पुष्कळ घरांतून थोडे थोडे आणा, आणि त्यांचा हिशेब गावासमोर मांडा. यात मेहनत जास्त आहे, पण व्याख्यानमाला टिकते ती यानेच.

आधी तिकिटाबद्दल. चौथ्या वर्षी आम्ही २० रुपये तिकीट लावलं. वीस रुपये कुणाला जड, असंच आम्हाला वाटलं होतं. आमच्याकडे शाळेतून निवृत्त झालेले एक शिपाईमामा पहिल्या वर्षापासून यायचे. शेवटच्या बाकावर बसायचे, सोबत बायको आणि दोन नातवंडं. चर्चेत एकच प्रश्न विचारायचे, पण तो असा की वक्ता क्षणभर थांबायचा. तिकीट लावल्यावर पहिल्या दिवशी ते दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी सभागृहाच्या मागच्या बाजूला गेले, तर मामा खिडकीच्या गजाला हात धरून बाहेर उभे. मी आत बोलावलं. म्हणाले, "नको बाई, हितनं ऐकू येतंय." चौघांचे रोजचे ८० रुपये, पाच दिवसांचे ४००. आम्ही माणशी वीसचा हिशेब केला होता, घराचा केलाच नव्हता. त्या वर्षी चर्चेतही तेच ते चार-पाच लोक बोलत राहिले. तिकीट पुढच्या वर्षी काढून टाकलं.

प्रायोजकाचा अनुभव याहून महागात पडला. सातव्या वर्षी गावातल्या एका बांधकाम व्यावसायिकांनी सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. भले गृहस्थ, हेतूही चांगला. दोन वर्षं आम्ही निर्धास्त होतो. वर्गणीला फिरणं बंद झालं, पावती पुस्तकं कपाटात गेली. तिसऱ्या वर्षी आम्ही नदीतल्या वाळू उपशावर बोलायला एका अभ्यासकांना बोलावलं. पत्रिका छापून झाल्यावर निरोप आला, "हा विषय यंदा राहू द्या." आम्ही विषय ठेवला, पैसे गेले. पाचाऐवजी दोनच व्याख्यानं झाली. मला त्या गृहस्थांचा राग नाही. चूक आमची होती. त्या दोन वर्षांत आम्ही गावाकडे मागायची सवय मोडली होती. पूर्वी ९० घरं वर्गणी द्यायची, त्या वर्षी फिरलो तेव्हा ३१ घरांनी दिली. "आता तुम्हाला काय कमी आहे?" असं लोक विचारायचे, आणि त्यांचंही बरोबर होतं. तो आकडा पुन्हा नव्वदच्या वर जायला चार वर्षं लागली.

तेव्हापासून आमचा ठराव आहे: कुणाही एकाकडून एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त पैसे घ्यायचे नाहीत. कितीही जवळचा असो, कितीही आग्रह करो. हा ठराव इतिवृत्तात लिहून ठेवा. नुसता तोंडी ठेवलात तर पहिल्या तंगीच्या वर्षीच मोडेल.

आता आकडे. आकड्यांशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही, म्हणून आमचा गेल्या वर्षीचा हिशेबच देते. शाळेच्या सभागृहाचे वीज आणि शिपायासह दिवसाला १,५०० प्रमाणे ७,५००. ध्वनिव्यवस्था दिवसाला ३,५०० प्रमाणे १७,५००. चार वक्त्यांना प्रत्येकी ५,००० मानधन, म्हणजे २०,००० (पाचव्यांनी घेतलं नाही). प्रवासखर्च १४,२००. छपाई ४,६००. चहा ६,५००. किरकोळ १,२००. एकूण ७१,५००.

जमा अशी. पाच संध्याकाळी पाच घरांनी आपल्या माणसाच्या स्मरणार्थ घेतल्या, प्रत्येकी ७,००० प्रमाणे ३५,०००. दोनशे रुपयांची वर्गणी ११२ घरांची, २२,४००. सभागृहात ठेवलेल्या ऐच्छिक देणगीच्या पेटीत पाच दिवसांत ६,८५०. दीड लाखाच्या ठेवीचं व्याज १०,५००. एकूण ७४,७५०. उरले ३,२५०, ते ठेवीत टाकले.

यातली स्मरणार्थ संध्याकाळ ही तुम्ही लगेच सुरू करण्यासारखी गोष्ट आहे. गावात अशी घरं असतात ज्यांना वडिलांच्या किंवा आजीच्या नावाने काहीतरी चांगलं व्हावं असं वाटत असतं. आमच्याकडे नियम एवढाच की सुरुवातीला त्या व्यक्तीबद्दल घरातल्या कुणीतरी तीन मिनिटं बोलायचं. फलकावर नाव, बस्स. वक्ता आणि विषय समिती ठरवणार, हे पैसे घेण्याआधी सांगायचं. एका वर्षी एका सूनबाईंनी आपल्या सासूबाईंबद्दल सांगितलं. त्या चौथी शिकलेल्या, पण शेजारच्या पोरींना दुपारी ओट्यावर बसवून वाचायला शिकवायच्या. सभागृहात त्यांच्या हाताखाली शिकलेल्या तिघी बसलेल्या होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. त्या संध्याकाळी चर्चा साडेदहापर्यंत चालली.

दोनशेच्या वर्गणीला मात्र कमी लेखू नका. रकमेत ती दुसऱ्या क्रमांकावर आहे, पण माझ्या दृष्टीने पहिली आहे, कारण ११२ घरांना व्याख्यानमाला आपली वाटते ती त्या पावतीमुळे. महाराष्ट्राला हे नवं नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली आणि दीडशे वर्षांनंतरही लोक तिथे ऐकायला जातात. आपण त्याच वाटेवरचे आहोत, मागताना संकोच कशाचा करायचा?

पेटीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळे इथे चुकतात. आम्ही पहिल्यांदा स्टीलचा डबा वरून चीर पाडून सभागृहाच्या दारात ठेवला. लोकांना ते तिकीटच वाटलं. काहीजण दारातून मागे वळले. मग तो आत, चहाच्या टेबलाशी नेला आणि डब्याऐवजी पारदर्शक बरणी ठेवली. आतल्या दहा-दहाच्या नोटा दिसायला लागल्यावर दहा रुपये टाकायची लाज उरली नाही. चर्चा संपली की तिथेच, लोकांसमोर, दोघांनी मोजायचं. दोघंच्या दोघं समितीतले असू नयेत. एक समितीचा, एक श्रोत्यांतला. दुसऱ्या दिवशी व्याख्यानाआधी शाळेच्या फळ्यावर खडूने लिहायचं: "कालची पेटी १,३४०. आजचा खर्च १३,८००. आजवर जमा इतके." आमच्याकडे आता शाळेतल्या मुली हा फळा लिहितात. एकदा बेरीज चुकली तर मागच्या रांगेतून एका आजोबांनी उठून दुरुस्त केली. त्या दिवशी पेटी सगळ्यात जड निघाली.

क्यूआर कोड ठेवाच, तरुण मंडळी रोख बाळगत नाहीत. पण तो संस्थेच्याच खात्याचा असू द्या. आम्ही सुरुवातीला सोय म्हणून एका सदस्याच्या वैयक्तिक खात्यावर पैसे घेत होतो. त्यांनी एका रुपयाला हात लावला नाही, मला प्रत्येक नोंद पाठ आहे. तरी गावात कुजबुज झाली. ते काही बोलले नाहीत. वही माझ्याकडे दिली आणि यायचे थांबले. इतका चांगला कार्यकर्ता आम्ही एका बँक खात्याच्या आळसापायी गमावला. ही चूक तुम्ही करू नका.

खातं उघडायला संस्था लागते. महाराष्ट्रात साधारणपणे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्यांची संस्था नोंदवतात आणि तिचीच १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदणी होते. तुम्ही सात आहातच. पण एवढ्या कामासाठी मी तुम्हाला दुसरी वाट सुचवेन. गावात शासनमान्य सार्वजनिक वाचनालय असेल तर त्यांच्याशी बोला. त्यांच्याकडे नोंदणी, पॅन, खातं, लेखापरीक्षण सगळं असतं, आणि व्याख्यानं भरवणं हे वाचनालयाला शोभणारंच काम आहे. तुम्ही त्यांची व्याख्यानमाला समिती व्हा. दोन गोष्टी लेखी घ्या: व्याख्यानमालेचं खातं वेगळं राहील आणि वक्ते समिती ठरवेल. वाचनालयाला मिळणाऱ्या सरकारी अनुदानाशी हे पैसे मिसळू देऊ नका, लेखापरीक्षणात त्यांनाच त्रास होईल. हे जमेपर्यंत बिगरनोंदणी वर्गणी गोळा करायची असेल, तर गणेश मंडळं धर्मादाय कार्यालयातून परवानगी काढतात तशी परवानगी लागेल का, हे आधी तिथे जाऊन विचारा.

देणगीदाराला आयकरात मिळणाऱ्या सवलतीवर (जिला ८०जी म्हणतात) फार भिस्त ठेवू नका. नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही आणि आता बहुतेक पगारदार त्याच प्रणालीत आहेत. जुन्या प्रणालीतल्यांनाही दोन हजारांवरची रोख देणगी त्यासाठी चालत नाही. शिवाय संस्थेला दरवर्षी देणगीदारांची यादी आयकर खात्याला ऑनलाइन द्यावी लागते. पाच-सहा मोठ्या देणगीदारांसाठी एवढं करायचं का, ते तुमच्या सनदी लेखापालांना विचारून ठरवा. आमच्या दोनशे रुपयेवाल्यांपैकी एकानेही आजवर ते प्रमाणपत्र मागितलेलं नाही.

परदेशातल्या नातेवाइकांकडून पैसे घ्यायचे म्हणत असाल तर जपून. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय त्यांची देणगी, भारतीय वंशाचे म्हणून मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी आणि रुपयांत दिली तरी, परकीय देणगी ठरते आणि तिला वेगळी नोंदणी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्यांचं तसं नाही. आमच्या न्यू जर्सीतल्या एका गाववाल्याला आम्ही पैशांऐवजी काम दिलं. त्याने ओळखीतून दोन उत्तम वक्ते मिळवून दिले. मला ते पैशांपेक्षा मोलाचं वाटतं.

खर्च कुठे कापायचा? शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह हे सगळं आम्ही बंद केलं. फ्लेक्स बंद केले, वर्गातल्या फळ्यांवर आणि व्हॉट्सअॅपवर भागतं. वक्त्यांना सदस्यांच्या घरी उतरवतो, आणि रात्रीच्या जेवणाला पिठलं-भाकरी असली तरी त्यांना लॉजपेक्षा तेच आवडतं. पण ध्वनिव्यवस्थेचा मुलगा आणि चहा करणाऱ्या बचत गटाच्या बायका यांच्या पैशांत कधीही घासाघीस करू नका. "समाजकार्य आहे, थोडं कमी घ्या" हे वाक्य आमच्याकडे बोलायचं नाही असं ठरलंय. आपली मोफत व्याख्यानं त्यांच्या मजुरीतून व्हायला नकोत. वक्त्याचा प्रवासखर्चही त्याच रात्री, पाकिटात घालून, निघण्याआधी हातात द्या.

यंदा तुमच्याकडे वेळ कमी आहे, म्हणून पाचाऐवजी तीनच व्याख्यानं करा. सातही जणांनी (पैसे देऊ न शकणाऱ्या दोघांनीही, त्यांना दूर होऊ देऊ नका) प्रत्येकी दहा घरं वाटून घ्या आणि दोघादोघांनी संध्याकाळी घरी जाऊन मागा. फोनवर मागू नका. सोबत गेल्या दोन वर्षांचा हिशेब एका कागदावर न्या, त्यात तुम्ही सातांनी घातलेले पैसेही दाखवा. गावाला बहुतेक ते माहीतच नसेल. जो नाही म्हणेल त्यालाही पत्रिका द्या आणि या म्हणून आग्रह करा. आमच्याकडे पहिल्या वर्षी दार लावून घेतलेले एकजण गेली आठ वर्षं एक संध्याकाळ आपल्या आईच्या नावाने देतात.

पावती पुस्तकाचा आणि समितीच्या ठरावाचा नमुना हवा असेल तर सांगा, माझ्याकडच्या पानांचे फोटो काढून पाठवते.