फिल्मच्या प्रत्येक रोलची कॉन्टॅक्ट शीट (निगेटिव्हच्या पट्ट्या थेट फोटोच्या कागदावर ठेवून काढलेला, सगळ्या फ्रेम्सचा मूळ आकारातला एकत्र प्रिंट) काढणं खरंच गरजेचं आहे का? निगेटिव्ह बघून थेट एन्लार्जमेंट, म्हणजे मोठा प्रिंट, केली तर काय बिघडतं?

माझ्या मते गरजेचं आहे, आणि फक्त चांगली फ्रेम निवडण्यासाठी नाही. ३५ मिमीच्या ३६ फ्रेम्स, म्हणजे सहा-सहाच्या सहा पट्ट्या, ८×१० इंची कागदावर मावतात. निगेटिव्हची इमल्शनची (प्रकाशसंवेदी थराची) बाजू कागदाच्या इमल्शनकडे ठेवा आणि वर जड काच दाबा.

खरी गंमत एक्स्पोजरमध्ये आहे. ग्रेड २ चा (मध्यम कॉन्ट्रास्टचा) फिल्टर लावून टेस्ट स्ट्रिप, म्हणजे कागदाच्या पट्टीवर टप्प्याटप्प्याने वेगवेगळा वेळ प्रकाश देऊन केलेली चाचणी, काढा. फिल्मची कोरी कडा आणि तिच्याबाहेरचा उघडा कागद दोन्ही सारखेच काळे दिसू लागतील तो सर्वांत कमी वेळ पकडा. एन्लार्जरची (कागदावर प्रकाश टाकणाऱ्या यंत्राची) उंची, अ‍ॅपर्चर, कागद, डेव्हलपर सगळं तेच ठेवून पुढच्या प्रत्येक रोलला हाच वेळ द्या. फिल्म बदलली तर तेवढी चाचणी पुन्हा करा. एखादी फ्रेम फिकी आली म्हणून तिच्यापुरता वेळ वाढवू नका, कारण तो फिकेपणाच तुम्हाला काहीतरी सांगतोय: निगेटिव्ह दाट आहे, शूट करताना प्रकाश जास्त गेला. फ्रेम काळवंडली तर उलट, कॅमेऱ्यात एक्स्पोजर कमी पडलं. सावल्या ठीक, पण रोलभर उजळ भाग पांढरेफटक येत असतील तर फिल्म डेव्हलप करण्याचा वेळ कमी करून बघा.

शीट पूर्ण वाळल्यावरच लूपखाली (छोट्या भिंगाखाली) बघा, ओला कागद थोडा उजळ भासतो. क्रॉप ठरवायला काळ्या कार्डाचे दोन एल आकाराचे तुकडे पुरतात.