४८ लाखांचं घर, ५०० रुपयांचे शेअर

डोंबिवली पूर्व,
रविवार

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू "काकू, टोकन दिलं" म्हणालीस आणि मी नुसतं "छान झालं" म्हणून फोन ठेवला. कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, शिवाय अशा गोष्टी मला फोनवर नीट बोलता येत नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर जुनी वही काढून तुझे आकडे मांडले. सहकारी बँकेच्या कर्ज खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला आनंदसुद्धा आकड्यांतच होतो, त्याला इलाज नाही.

घर ४८ लाखांचं. बँक ८० टक्क्यांच्या पुढे जाणार नाही, म्हणजे कर्ज ३८ लाख धर. उरलेले १० लाख तुझे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी बँक यात धरत नाही, आणि एजंट हे नेमकं शेवटच्या आठवड्यात सांगतो. घर बाईच्या एकटीच्या नावावर असलं की शुल्कात एक टक्का सूट मिळते, ७ चे ६ होतात. ते झाले २ लाख ८८ हजार, वर नोंदणीचे ३० हजार. बेरीज १३ लाख १८ हजार, आणि यात एजंट, वकील, रंग, पंखे काहीच नाही. तुझ्याकडे साडेचौदा आहेत. म्हणजे जमतंय. पण जमल्यावर पासबुकात काय उरतं ते बघ. मला काळजी तिथे वाटते.

साडेआठ टक्के आणि वीस वर्षं धरली तर हप्ता ३३ हजारांच्या आसपास बसतो. पहिल्या हप्त्यातले जवळजवळ २७ हजार व्याजात जातात, मुद्दल फिटतं सहा हजार. वीस वर्षांत मिळून ७९ लाख. हा आकडा सांगितला की माझ्या टेबलापुढे बसलेली जोडपी गप्प व्हायची, मग नवरा बायकोकडे बघायचा. तुला घाबरवायला सांगत नाहीये. दरवर्षी बोनसमधून एकच हप्ता जादा भरलास तर तीन-सव्वातीन वर्षं आधी सुटशील. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरले म्हणून दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. भरताना मात्र "हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा" असं लेखी द्यायचं. तोंडी सांगितलेलं बँकेत काउंटरच्या पलीकडे जात नाही. मी पलीकडे बसत होते, मला माहीत आहे.

आता ऐकायला आवडणार नाही असं. मॉड्युलर किचनचा विचार दोन वर्षं सोडून दे. ओट्याखाली फुलाफुलांचा पडदा लावून मी अकरा वर्षं स्वयंपाक केला, कुणी उपाशी राहिलं नाही. ते पैसे वेगळ्या खात्यात टाक आणि हप्ता धरून सहा महिन्यांचा खर्च जमेपर्यंत त्याला हात लावू नकोस. नोकरी गेली तर घर जात नाही, आधी झोप जाते. झोप गेली की माणूस मिळेल त्या अटींवर नोकरी धरतो, किंवा मिळेल त्या स्थळाला हो म्हणतो. तुझ्या घरचे लग्नाचा विषय काढतात तेव्हा तू शांतपणे "बघू" म्हणतेस ना, ते "बघू" म्हणायची ताकद त्या खात्यात असते. घर नावावर असण्यापेक्षा मी तिला जास्त किंमत देते.

परभणीला दरमहा १२ हजार पाठवतेस ते थांबवू नकोस. फक्त आकडा तोच ठेव. कधी वीस, कधी पाच असं केलंस की तिकडे हिशेब लागत नाही आणि इकडे तुझा जीव टांगणीला. जादा लागलं तर बाबा मागतील. मागितलं की तेव्हा ठरव.

आणि जामीन राहू नकोस. कुणालाही. १९९६ साली ह्यांनी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला चहा पिता पिता सही दिली. मी कर्ज खात्यात होते, तरी मला विचारलं नाही. सहकारी नोकरी सोडून गेला आणि ह्यांच्या पगारातून दरमहा ११०० रुपये कापले जायला लागले, तब्बल अठ्ठावीस महिने. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी त्याच्याकडून वसूल करा आणि मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय नाही. द्यायचेच असतील तर परत येणार नाहीत असं समजून द्यावेत. सही देऊ नये.

बाकी पैशांचं तुला कळतं. कंपनीचा आरोग्यविमा कंपनीबरोबर जातो, म्हणून स्वतःचा वेगळा घे. कुठल्याही एका बँकेत पाच लाखांच्या वर ठेव ठेवू नकोस, ठेवविम्याचं संरक्षण तेवढंच आहे. हे मी, सहकारी बँकेचं मीठ खाल्लेली बाई, सांगते आहे.

अगं, तालमकींची गोष्ट तुला कधी सांगितली का? रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. या माणसाने १९०६ साली मुंबईत आपल्या गुरूंच्या नावाने शामराव विठ्ठल पतसंस्था काढली, तीच पुढे बँक झाली. नऊ वर्षांनी, १९१५ साली, गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. आशियातली पहिली म्हणून तिचं नाव घेतात. गावाकडून आलेल्या, कारकुनी करणाऱ्या बिऱ्हाडांना मुंबईत परवडणारं घर मिळेना म्हणून हा खटाटोप. मला यातला क्रम आवडतो. आधी चार पैसे एकमेकांच्या भरवशावर ठेवायला शिकले, मग एका छपराखाली राहायला गेले. आपण उलट करतो. एका जिन्यात आधी राहायला येतो आणि मेंटेनन्सवरून भांडत भांडत एकमेकांना ओळखतो.

तेव्हा व्यवहार पुरा करण्याआधी त्या सोसायटीत एक चक्कर टाक, एजंटाला न घेता. भोगवटा दाखला, म्हणजे इमारत राहायला योग्य आहे असा महापालिकेचा दाखला, बघ. डोंबिवलीत खोट्या परवानग्यांवर महारेराची, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाची, नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारतींचं काय झालं ते आपण पेपरात वाचलंय, म्हणून नोंदणी क्रमांक दिसला की निश्चिंत व्हायचं नाही. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, कन्व्हेयन्स झालं आहे का, हे विचार. मग शेवटचा ऑडिट झालेला ताळेबंद माग. त्यात दोनच ओळी बघायच्या. सभासदांकडे थकबाकी किती, आणि सिंकिंग फंडाची, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या पैशांची, ठेव खरोखर आहे का. उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, बांधकाम खर्चाच्या निदान पाव टक्का दरसाल सिंकिंग फंडाला आणि पाऊण टक्का दुरुस्तीला बाजूला पडायला हवा. "आमच्याकडे मेंटेनन्स फार कमी आहे हो" असं कुणी कौतुकाने सांगितलं तर सावध हो. आमच्याकडेही तो कमी होता. लिफ्टची मोटर जळली तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या आजी पाच आठवडे खाली उतरल्या नाहीत, आणि मी दारोदार वर्गणी गोळा करत होते.

ट्रान्सफरच्या वेळी, म्हणजे फ्लॅट सोसायटीच्या दप्तरी तुझ्या नावावर होताना, "ऐच्छिक देणगी" मागतील. महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार, त्यावर नाही. हसून सांगायचं आणि पावती मागायची.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. तू आमच्या तिसऱ्या मजल्यावर दोघी मैत्रिणींबरोबर भाड्याने राहायला आलीस त्या वर्षी बोर्डावर एक नोटीस लागली होती. अविवाहित भाडेकरूंनी रात्री दहानंतर पाहुणे आणू नयेत, आणि अशा फ्लॅटच्या मालकाने दरमहा जादा रक्कम भरावी. खाली सेक्रेटरी म्हणून सही माझी. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून मालकाकडून घ्यायचं भोगवटेतर शुल्क सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. आम्ही त्याच्या कितीतरी पट घेत होतो आणि तुमचा मालक ते तुमच्या भाड्यात घालत होता. तू शनिवारी सकाळी दारात उभी राहून विचारलंस, "काकू, हे कुठल्या कलमात आहे?" मी तुला आत बोलावलं, पोहे दिले आणि विषय बदलला. तू पोहे खाल्लेस, बशी धुऊन ठेवलीस आणि परत कधी विचारलं नाहीस.

सभेत त्या ठरावाला विरोध करणारं कुणी नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगत होते. खरं म्हणजे सभेला आलोच होतो अकरा जण, अठ्ठावीसपैकी. तेसुद्धा कोरम नाही म्हणून अर्धा तास थांबून पुन्हा भरवलेली सभा. पाच जण जोरात बोलले, बाकीच्यांना मॅच बघायची होती. पुढच्या वर्षी ती नोटीस मीच काढली, कुणाला न सांगता. तुझी माफी मात्र मागितली नव्हती. आत्ता मागते.

त्या सभेत तुला बसायचा अधिकार नव्हता, कारण तू भाडेकरू होतीस. आता पन्नास रुपयांचे दहा शेअर तुझ्या नावावर होतील. ४८ लाखांनी तुला भिंती मिळतात, सभासद तू त्या ५०० रुपयांनी होतेस. तुझा एक खोलीचा फ्लॅट आणि वरच्या मजल्यावरचे दोन फ्लॅट एक करून राहणारे शेठ, मत दोघांनाही एकच. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. नोटीस येईल, कोपऱ्यात खुर्ची धरून बस, पहिल्या वर्षी बोलू नकोस. कोण कुणावर कशासाठी रागावलेलं आहे ते आधी कळू दे. तळमजल्यावरचं कुणीतरी उठून "आम्ही लिफ्ट वापरत नाही, पैसे का द्यायचे" म्हणेल, दरवर्षी म्हणतात. लिफ्टचा खर्च सगळ्यांनी सारखा द्यायचा असतो. पण ते सांगण्याआधी त्या माणसाच्या दारासमोर पावसाळ्यात किती पाणी साचतं ते बघून ये. बहुतेक वेळा तक्रार पाण्याची असते आणि भांडण लिफ्टचं होतं.

राहायला गेल्यावर खालच्या मजल्यावर जाऊन ओळख करून घे. वरच्यांशी पुढे होते आपोआप. तुझ्या बाथरूममधून गळती झाली तर ती त्यांच्या छतावर दिसणार, आणि तो खर्च तुझा, सोसायटीचा नाही. आधी ओळख असली तर ते सांगायला येतात, नसली तर पत्र पाठवतात. वॉचमनचं नाव विचार, पंप कधी चालू होतो ते विचार. चपलांचं कपाट पॅसेजमध्ये ठेवू नकोस, कितीही मोह झाला तरी. रात्री उशिरा येतेस यावर कुणी बोललं तर खुलासा देत बसू नकोस. "ऑफिस" एवढा एक शब्द पुरे.

आणि गच्चीवर किंवा जिन्यात तुझ्यासारखी एखादी भाड्याने राहणारी पोरगी भेटली, तर तिला उपविधींची प्रत दे. पोहे नंतर.

इकडे सगळं ठीक. ह्यांचे गुडघे तसेच. दिवाळीच्या पहाटे फडके रोडला यायचं असेल तर रात्रीच मुक्कामाला ये, पहाटे रिक्षा मिळत नाही.

तुझी,
काकू

ता. क. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढलं की आधारवरच्या स्पेलिंगशी ताडून बघ. नामनिर्देशनाचा फॉर्म तीन प्रतींत भरावा लागतो, एक सही-शिक्क्यासह परत घ्यायची. माझ्याकडे कोरे फॉर्म आहेत, येशील तेव्हा काढून ठेवते.