पंधरा दिवस वावरात गेला नाही, हे कोणत्या कागदावर आहे?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी भाऊंचा मेसेज आला, लांबलचक आहे, मी थोडक्यात सांगतो. त्यांनी वावरात जागलीला कुत्रा ठेवला, रोही आणि डुकरं हाकलायला. 18 नोव्हेंबर 2024 ला सकाळी शेजारचा शेतकरी धुऱ्यावरून चालला होता, कुत्रा सुटा होता, त्याच्या पोटरीला चावला. जागलीवर तेव्हा पोरगा होता. या भाऊंनीच शेजाऱ्याला गाडीवर बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं, सुई दिली, दोन दिवसांनी तंटामुक्ती समितीसमोर तीन हजार रुपये रोख दिले आणि "कुत्रा माझा आहे, यापुढे बांधून ठेवीन" असं लिहून सही केली. पैशाची पावती नाही. मग गेल्या ऑक्टोबरात त्याच धुऱ्यावरून बंडी नेण्यावरून दोघांचं वाजलं, शेजाऱ्यानं तहसीलमध्ये रस्त्याची केस टाकली, आणि आता 9 जानेवारी 2026 ला पोलीस स्टेशनला कुत्रा चावल्याचा गुन्हा दाखल झाला, तोही पोराच्या नावावर. पोरगा पोलीस भरतीची तयारी करतोय. शेजारी म्हणतो ऐंशी हजार द्या, एका दाताचे दहा हजार असतात, आठ दात लागलेत. भाऊ विचारतात, पैसे देऊन मिटवू, का कोर्टात दंड भरून मोकळं होऊ?

भाऊ, सध्या दोन्हीपैकी काहीच करू नका.

कुत्रा चावल्याचे मेसेज मला दर आठवड्याला येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, किती द्यावे लागतील. तारीख कोणीच पाहत नाही. तुम्ही तर दोन्ही तारखा स्वतःच लिहून पाठवल्या, त्यांच्यामधलं अंतर मोजलं नाही, आणि एफआयआरची कॉपी पाठवली नाही, कलम कोणतं लागलंय ते लिहिलं नाही, "कुत्र्याचं कलम" एवढंच लिहिलं. पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे म्हणता आणि त्याच्यावर काय लावलंय तो कागद अजून वाचला नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाईटवरून एफआयआर डाऊनलोड होते, पोराला मोबाईलवर जमेल, नाहीतर स्टेशनला लेखी अर्ज द्या. आधी ते करा. कारण पुढचं सगळं त्या एका ओळीवर आहे.

का ते सांगतो. जनावर सांभाळण्यात हयगय केली म्हणून जो गुन्हा लागतो तो भारतीय न्याय संहितेचं कलम 291, पूर्वी आयपीसीचं 289 होतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच्या जोडीला पोलीस बहुतेक वेळा 125 लावतात, निष्काळजीपणानं दुसऱ्याला इजा. आता या 125 मध्ये दोन पोटकलमं आहेत. साधी दुखापत असली तर 125 ए, शिक्षा पुन्हा सहा महिन्यांपर्यंतच. जबर दुखापत, म्हणजे ज्याला आपण गंभीर म्हणतो ती असली तर 125 बी, आणि तिथे शिक्षा एकदम तीन वर्षांपर्यंत जाते.

आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी केस कशी चालवायची ते सांगणारा कायदा, तिचं कलम 514 म्हणतं की एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्ट एका वर्षानंतर घेऊ शकत नाही, एक ते तीन वर्षं शिक्षा असली तर मुदत तीन वर्षांची. गुन्हा कोणत्या तारखेला नोंदवला तेच मोजायचं, पोलीस चार्जशीट केव्हा टाकतात ते मोजायचं नाही. म्हणजे तुमच्या केसमध्ये 291 आणि 125 ए एवढंच असेल तर शेवटची तारीख होती 18 नोव्हेंबर 2025, आणि गुन्हा नोंदला 9 जानेवारीला. बावन्न दिवस उशीर. पण 125 बी लागलं असेल तर मुदत 2027 च्या नोव्हेंबरपर्यंत आहे आणि सोबतची छोटी कलमं पण त्याच मुदतीत येतात, कारण गुन्हे एकत्र चालवता येत असले की मोठ्या शिक्षेची मुदत धरतात.

म्हणजे पोटरीला झालेली जखम साधी होती का जबर, यावर सगळी केस उभी आहे.

जबर दुखापत म्हणजे काय हे न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये दिलंय. हाड मोडणं, डोळा जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं वगैरे आहेच, ते तुमच्याकडे काही नाही. त्यातलं शेवटचं पोटकलम पाहा, ज्यामुळे माणसाला पंधरा दिवस तीव्र वेदना झाल्या किंवा पंधरा दिवस तो आपली रोजची कामं करू शकला नाही. आयपीसीमध्ये हे वीस दिवस होते, 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्यात पंधरा झाले. तुमची घटना त्या तारखेनंतरची आहे म्हणून पंधराच धरायचे. तुम्हीच मेसेजमध्ये एका ओळीत लिहिलंय, "तो म्हणतो पंधरा दिवस वावरात गेलो नाही." तुम्हाला ती त्याची रडकथा वाटली, भाऊ, पण ते वाक्य त्याला कोणीतरी शिकवलंय आणि ते थेट या कलमातून आलंय.

आता हे पंधरा दिवस तो कशावर दाखवणार? त्याच्याकडे असेल ते रुग्णालयाचं कार्ड. हे कार्ड मी इतक्या केसेसमध्ये पाहिलंय की डोळ्यासमोर येतं, घामानं मऊ झालेलं, चौपट घडी घातलेलं, वर पेनानं "कॅटेगरी 3" लिहिलेलं आणि खाली सुयांच्या तारखा. हवालदार "कॅटेगरी 3" वाचतो आणि त्याला वाटतं तीन नंबरची म्हणजे सगळ्यात गंभीर जखम. तसं नसतं. कातडी फुटून रक्त आलं की रेबीजच्या हिशोबात ती कॅटेगरी 3, मग एक दात लागला तरी, कारण त्यावरून फक्त लसीसोबत सिरम द्यायचं का ते ठरतं. कायद्यातल्या जबर दुखापतीशी तिचा काही संबंध नाही. दुसरी गोष्ट, शेवटची सुई 28 व्या दिवशी असते म्हणून "अठ्ठावीस दिवस उपचार चालू होते" असं लिहितात. उपचार चालू असणं वेगळं आणि अंथरुणाला खिळणं वेगळं. कार्डावर तिसऱ्या, सातव्या दिवसाची सुई लागली असेल तर तो त्या दिवशी घराबाहेर पडून दवाखान्यात आला होता हेच ते कार्ड सांगतं.

आणि नोव्हेंबर महिना आहे, कापसाचा. पहिला दुसरा वेचा चालू असताना वऱ्हाडातला कास्तकार पंधरा दिवस घरी बसला असं कोर्टाला पटवायचं तर काही लागेल ना. त्या पंधरा दिवसांत त्यानं जिनिंगवर कापूस नेला का, काटापट्टी त्याच्या नावानं फाटली का, बाजार समितीत सोयाबीन विकलं का, कृषी केंद्रातून हरभऱ्याचं बियाणं उचललं का, सोसायटीत सही केली का. हे कागद आपोआप बोलतात. तुम्ही मात्र गावात फिरून ते गोळा करू नका, कोणाला धमकावू नका, फोटो काढत बसू नका, फक्त कुठे काय असू शकतं त्याची यादी करून वकिलाकडे द्या, कोर्टामार्फत ते मागवता येतात.

एका गोष्टीकडे खास लक्ष ठेवा. सरकारी दवाखान्याच्या जुन्या नोंदीत "साधी" लिहिलं असेल आणि आता चौदा महिन्यांनी एखाद्या खाजगी डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलं असेल तर त्या दोन्ही कागदांच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून दाखवणं हे तुमच्या वकिलाचं पहिलं काम.

मुदतीचा मुद्दा आपोआप कोणी काढणार नाही हे पण समजून घ्या. तालुका कोर्टात फायलींचा ढीग असतो, चार्जशीट आली की नंबर पडतो, समन्स निघतं, पोरगा उभा राहतो, साहेब विचारतात गुन्हा कबूल आहे का. त्याच्या आधी लेखी अर्ज द्यायचा की 514 ची मुदत संपली आहे. समोरचे त्याच संहितेच्या कलम 519 खाली उशीर माफ करा म्हणतील, कोर्टाला तो अधिकार आहे, कारण समाधानकारक वाटलं किंवा न्यायासाठी गरजेचं वाटलं तर. त्यामुळे शंभर टक्के सुटाल असं मी म्हणणार नाही. पण इथे तुमच्या शेजाऱ्यानं स्वतःच तुम्हाला कागद दिलाय. ऑक्टोबर 2025 मध्ये, म्हणजे वर्ष संपायच्या आत, तो तहसीलमध्ये जाऊन तुमच्याविरुद्ध रस्त्याची केस टाकू शकत होता, तर त्याच तालुक्याच्या गावातलं पोलीस स्टेशन त्याला दूर का पडलं? त्या दाव्याची नक्कल आजच काढा, आणि त्यात कुत्रा चावल्याचा एक शब्द तरी आहे का ते पाहा. फक्त एक शंका आहे. त्यानं 2024 मध्येच पोलिसांत काही लेखी तक्रार दिली होती का? दिली असेल आणि पोलिसांनी ती नुसती ठेवून दिली असेल तर उशीर त्याचा नाही पोलिसांचा होतो, मग चित्र बदलतं. हे शोधून काढा.

आता दंड भरण्याचं. तुम्हाला कोणीतरी सांगितलंय, लोकअदालतीत जा, कबूल करा, हजार दोन हजार दंड भरा, विषय संपला. हा सल्ला देणाऱ्याला हात जोडा आणि घरी या. कबुली म्हणजे दोषी ठरणं, मग दंड शंभर रुपये असो. भरतीला चारित्र्य पडताळणी होते, फॉर्ममध्ये विचारतात, केस चालू असली तरी लिहावंच लागतं आणि ते लपवू नका, लपवल्यामुळे जास्त पोरांच्या नोकऱ्या गेल्यात. पण "मुदतीबाहेरची केस, प्रलंबित" किंवा "केस बंद" लिहिणं आणि "दोषी, दंड भरला" लिहिणं यात पोराच्या आयुष्याचा फरक आहे.

ऐंशी हजारांचं सांगतो. दाताचे दहा हजार हा आकडा खरा आहे, पण तो नोव्हेंबर 2023 चा पंजाब आणि हरियाणा हायकोर्टाचा निकाल, मोकाट जनावरांबद्दलचा, आणि पैसे द्यायची जबाबदारी तिथे सरकारवर टाकली आहे. पाळलेल्या कुत्र्याच्या मालकाकडून यवतमाळ जिल्ह्यात तसे मोजून वसूल करता येत नाहीत. शेजाऱ्याला नुकसानभरपाईचा दिवाणी दावा टाकता येतो, त्याला साधारण तीन वर्षं मुदत असते, त्यात त्याला खर्च, बुडालेली मजुरी, वेदना सगळं दाखवावं लागेल आणि किती मिळेल ते आज कोणी सांगू शकत नाही. पुढे खरंच तडजोड करायची ठरली तर 291 हा आपसात मिटणारा गुन्हा नाही, गावात मिटवला म्हणून कोर्टात मिटत नाही, दोघांच्या संमतीनं नागपूर खंडपीठात गुन्हा रद्द करून घ्यावा लागतो. तेव्हा पैसे बँकेतून आणि वकिलासमोर लिहून. एकदा रोख देऊन पाहिलं ना.

तंटामुक्तीच्या त्या कागदाबद्दल इथे जास्त लिहीत नाही. कलम 291 मध्ये "ताब्यातलं जनावर" असा शब्द आहे, सही तुमची आहे आणि आरोपी पोरगा आहे, त्यामुळे तो कागद एका बाजूनं कामाचा आणि दुसऱ्या बाजूनं तुम्हालाच लागणारा आहे. वकिलाला समोरासमोर दाखवा. पण समितीत बसून, चहा पिऊन, वाचल्याशिवाय सही करायची सवय सोडा भाऊ, हे कळकळीनं सांगतो. आणि हा कुत्रा आधी कोणाला चावला होता का, तेही खरं काय ते वकिलाला सांगा, कारण माहीत असूनही मोकळा ठेवला असं ठरलं तर हयगय सिद्ध करायला त्यांना फार काही लागत नाही.

पोलिसांची 35(3) ची, म्हणजे चौकशीला हजर राहा अशी नोटीस आली असेल तर दिलेल्या तारखेला पोराला हजर करा, टाळू नका. गुन्हा जामीनपात्र आहे, घाबरायचं नाही. कोऱ्या कागदावर सही करायची नाही.

आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "कुत्राच मारून टाकला तर केस संपेल का." नाही. जनावर मारणं, विष घालणं याला न्याय संहितेचं कलम 325 आहे, पाच वर्षांपर्यंत शिक्षा, स्वतःचा कुत्रा आहे म्हणून हे सुचत असेल तर ते डोक्यातून काढा. शेजारी कुत्र्याला थिमेट, म्हणजे विषारी कीटकनाशक, घालीन म्हणाला असेल तर तो कोणासमोर, कोणत्या दिवशी म्हणाला ते लिहून ठेवा आणि स्टेशनला अर्ज देऊन पोच घ्या. तुमचा कुत्रा आज जिवंत आहे, चावल्यानंतर चौदा महिने धडधाकट आहे, म्हणजे तेव्हा त्याला रेबीज नव्हता, हा तुमच्या बाजूचा पुरावा आहे. त्याला उद्या साखळी लावा, पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन लस द्या आणि तारखेचा कागद घ्या. दोन वर्षांपासून वावरात कुत्रा आहे आणि एकही लस नाही, हे तुम्ही इतक्या सहज लिहिलंय की मी ती ओळ दोनदा वाचली.

एफआयआरची कॉपी, लसीच्या कार्डाची नक्कल मिळाली तर ती, आणि तहसीलच्या दाव्याची नक्कल, हे तीन कागद घेऊन तालुक्याच्या फौजदारी वकिलाकडे चार्जशीट पडायच्या आत जा. फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा, उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा.