मंडळाच्या स्पर्धेत सुपर सिक्स ठेवला तर ‘केनिया’ होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोल्हापुरात मेरी वेदर मैदानावर मंडळाची टेनिस बॉल स्पर्धा घ्यायची आहे. १२ संघ, सहा-सहाचे दोन गट, आठ षटकांचे सामने. गटातले पहिले तीन सुपर सिक्सला, म्हणजे सहा संघांच्या दुसऱ्या फेरीला जाणार आणि साखळीतले गुण सोबत नेणार. त्यावर कमिटीतला एक जण अडून बसलाय: “गुण पुढं न्यायचे नाहीत. २००३ च्या वर्ल्डकपला केनिया अशीच फुकटात सेमीफायनलला गेली. आपल्याकडं पण कोणतरी तसंच घुसंल.”

तुमचा कमिटीवाला अर्धा बरोबर आहे. सुपर सिक्सपर्यंत केनियाला पुढे चाल (समोरचा संघ न आल्याने न खेळता मिळालेला विजय) मिळाल्याचा फायदा झाला, हे नाकारता येत नाही. पण तिथून सेमीफायनलला ती जिंकलेल्या सामन्यांवर गेली. गुणतक्ता उलगडला की दोन्ही गोष्टी दिसतात, आणि तुमचा नियम कसा लिहायचा तेही त्यातूनच निघतं.

त्या स्पर्धेत १४ संघ होते, सात-सातचे दोन गट. विजयाला ४ गुण, बरोबरी किंवा अनिर्णितला २. केनियाच्या गटाचा शेवट असा झाला: श्रीलंका १८, केनिया १६, न्यूझीलंड १६, वेस्ट इंडिज १४, दक्षिण आफ्रिका १४, कॅनडा ४, बांगलादेश २. केनियाच्या १६ मधले ४ न्यूझीलंडचे. २१ फेब्रुवारीला नैरोबीत सामना होता. आदल्या नोव्हेंबरात मोंबासाच्या हॉटेलवर बॉम्बहल्ला झालेला, म्हणून न्यूझीलंडने सुरक्षेचं कारण देऊन तिथे जायचं टाळलं आणि गुण सोडून दिले.

आता तो सामना झाला असता आणि न्यूझीलंड जिंकली असती असं धरा. न्यूझीलंड २०, केनिया १२. म्हणजे १४ गुणांच्या वेस्ट इंडिज आणि आफ्रिकेच्याही खाली केनिया पाचवी, गाशा गुंडाळून घरी. इतकंच काय, १८ फेब्रुवारीला वेस्ट इंडिज-बांगलादेश सामना पावसात वाहून गेला नसता, तर वेस्ट इंडिजचेही बहुधा १६ झाले असते. मग तिघांत दोन जागा, आणि आफ्रिकेकडून १० गड्यांनी, वेस्ट इंडिजकडून १४२ धावांनी मार खाल्लेल्या केनियाचा रनरेट (गुण सारखे झाले की बघायची धावगती) उणे होता. तेव्हा इथपर्यंत तुमच्या माणसाचं म्हणणं मान्य.

पुढचं मात्र वेगळं. सुपर सिक्सला गुण नेताना नियम असा होता: सोबत पात्र ठरलेल्या संघाला हरवलं असेल तर पूर्ण ४, बाद झालेल्या संघाला हरवलं असेल तर फक्त १, बरोबरी किंवा अनिर्णितला त्याच्या निम्मे. केनियाने श्रीलंकेला हरवलं होतं, त्याचे ४. न्यूझीलंडच्या पुढे चालीचे ४. कॅनडा आणि बांगलादेशचे एकेक. एकूण १०. ऑस्ट्रेलिया १२ घेऊन आली होती, भारत ८, श्रीलंका साडेसात, न्यूझीलंड ४, झिंबाब्वे साडेतीन. म्हणजे सुपर सिक्सचा पहिला चेंडू पडायच्या आधी केनिया दुसऱ्या क्रमांकावर. तिथे ती भारताशी आणि ऑस्ट्रेलियाशी हरली, झिंबाब्वेला तिने ७ गडी राखून धुतलं. शेवटचा तक्ता: ऑस्ट्रेलिया २४, भारत २०, केनिया १४, श्रीलंका ११.५, न्यूझीलंड ८, झिंबाब्वे ३.५. पहिले चौघे सेमीफायनलला.

यातून पुढे चालीचे ४ काढून टाका. केनियाचे १० उरतात. न्यूझीलंड ८ वर आहे. तरी केनिया चौथी, तरी सेमीफायनलला. फक्त भारताऐवजी ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली असती. उलट चालीचे गुण ठेवा आणि झिंबाब्वेवरचा विजय काढा, तरी १०, तरी आत. दोन्ही एकदम काढले तर ६ आणि बाहेर. श्रीलंकेवरच्या विजयाला मात्र असा पर्याय नाही. तो पराभव धरला तर साखळीतच १२ होतात आणि पुढचा हिशोबच संपतो. नुसत्या पुढे चालीवर कोणी सेमीफायनल गाठत नाही, ते या एका सामन्यामुळे.

तो सामना कसा मारला हेही बघण्यासारखं आहे. २४ फेब्रुवारी, नैरोबी जिमखाना. केनिया ५० षटकांत ९ बाद २१०, सलामीच्या केनेडी ओटिएनोच्या ६०. श्रीलंकेच्या फलंदाजीपुढे २१० म्हणजे काहीच नाही असं कागदावर वाटतं. पण विकेट संथ होती, चेंडू बॅटवर येत नव्हता, आणि केनियाकडे नेमके तसलेच गोलंदाज होते: वेग कमी, टप्पा स्टंपात. कॉलिन्स ओबुयाने लेगस्पिनवर १० षटकांत २४ धावा देऊन ५ बळी घेतले, त्यात अरविंद डी सिल्वा, जयवर्धने आणि संगकारा. श्रीलंका १५७ मध्ये खलास, ५३ धावांनी पराभव. एकेरी-दुहेरी बंद केली की मोठा फलंदाज उंच फटका मारायला जातो आणि सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक जागेवर असतो. सगळी योजना एवढीच. बांगलादेशविरुद्धही तसंच झालं. २१७ करून ३२ धावांनी विजय, मॉरिस ओडुंबेच्या नाबाद ५२ आणि चार बळी.

ही योजना चमत्कारातली नव्हती. सात वर्षं आधी, २९ फेब्रुवारी १९९६ ला, पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर याच पद्धतीने केनियाने १६६ करून वेस्ट इंडिजला ९३ मध्ये गुंडाळलं होतं. भारतालाही १९९८ आणि २००१ ला एकेकदा हरवलं होतं. २००३ ला प्रशिक्षक आपले संदीप पाटील, कर्णधार स्टीव्ह टिकोलो. संघ नवखा नव्हता, फक्त मोठ्या संघांशी खेळायला मिळत नव्हतं.

सर्वांत देखणा नमुना मात्र हरलेल्या सामन्यातला आहे. डर्बनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध केनियाच्या जेमतेम १७४. गिलख्रिस्टने ४३ चेंडूंत ६७ ठोकल्या, सामना संपल्यात जमा. तेव्हा ३९ वर्षांचा आसिफ करीम डावखुरी फिरकी टाकायला आला. हा गडी १९९९ नंतर निवृत्त झालेला, खास या स्पर्धेसाठी परत बोलावलेला. ८.२ षटकं, ६ निर्धाव, ७ धावा, ३ बळी. पाँटिंग पायचीत, लेहमन यष्टिरक्षकाकडे झेल, हॉगचा झेल करीमने स्वतःच घेतला. २ बाद १०९ वरून ५ बाद ११७. ऑस्ट्रेलिया जिंकली, सामनावीर करीम. तुमच्या आठ षटकांच्या खेळात निर्धाव षटक स्वप्नातच, पण टेनिस बॉलवर हळू आणि खोल टाकणाऱ्याला मारताना फलंदाजाची जी घाई होते, ती हीच.

भारताविरुद्धच्या सेमीफायनलला यातलं काही चाललं नाही. गांगुली नाबाद १११, तेंडुलकर ८३, भारत ४ बाद २७०. प्रकाशझोतात डर्बनला चेंडू हलायला लागला की पाठलाग अवघड, आणि झहीरने १४ धावांत ३ घेतले. केनिया १७९. सुपर सिक्सला केपटाउनमध्ये याच भारताची अवस्था ३ बाद २४ केली होती, मग गांगुली आणि युवराजने वाचवलं, हे कोणाला आठवत नाही.

आता तुमची स्पर्धा. गुण पुढे न्या, माझं मत स्पष्ट आहे. सहा-सहाच्या दोन गटांचे साखळी सामने ३०. गुण नेले तर सुपर सिक्सला प्रत्येक संघ फक्त दुसऱ्या गटातल्या तिघांशी खेळतो, म्हणजे ९ सामने. नाही नेले तर सहाही जणांना एकमेकांशी खेळवावं लागतं, म्हणजे १५, आणि त्यातले ६ आधी झालेल्याच लढती. ३० + ९ + २ सेमीफायनल + १ फायनल = ४२ सामने; एका मैदानावर दिवसाला सहा धरले तर सात दिवस. गुण नेले नाहीत तर आठवा दिवस, म्हणजे मंडप, पंच आणि लाईटचं भाडंही आठ दिवसांचं.

पण २००३ चा नियम जसाच्या तसा उचलू नका. ते ४, १ आणि अर्धा गुण कोणाला समजत नाहीत, आणि गुणफलकाभोवती पन्नास माणसं जमली की भांडण ठरलेलं. फक्त पात्र ठरलेल्या तिघांच्या आपसातल्या सामन्यांचे गुण न्या, बाकीचे सोडून द्या. २००३ ला हा साधा नियम लावला तर ऑस्ट्रेलिया २०, भारत १६, केनिया १२, श्रीलंका ८, न्यूझीलंड ४, झिंबाब्वे ०. क्रम तोच, चौघे तेच. १९९९ ला असाच नियम होता. ऑस्ट्रेलिया शून्य गुण घेऊन सुपर सिक्सला आली आणि कप घेऊन गेली.

पुढे चाल हा खरा धोक्याचा भाग, कारण टेनिस बॉलला तो रोजचा आहे. त्याच दिवशी दुसरीकडे जास्त बक्षिसाची स्पर्धा असते, चार चांगली पोरं तिकडे जातात, संघ येतच नाही. माझा सल्ला: साखळीत पुढे चालीचे पूर्ण गुण द्या, पण सुपर सिक्सला ते नेऊ नका. केनियावर हा नियम चालवला तर तिचे ८, श्रीलंकेचेही ८, न्यूझीलंड ४. म्हणजे मैदानावर कमावलेलं तिच्याकडे राहतं. गैरहजर संघाची अनामत जप्त करा, आणि १५ मिनिटं वाट बघायची की २०, ते प्रवेश अर्जावरच छापा. पंचांवर सोडलं की एका पेठेच्या संघाला १५ आणि दुसऱ्याला २५ मिळतात.

रनरेटचा नियमही लिहून ठेवा. सर्वबाद संघाची पूर्ण षटकं धरायची: आठपैकी ५.२ मध्ये बाद झाला तरी भागायचं ८ ने. आणि पाठलाग ५.२ षटकांत संपला तर मोबाईलवर ५.२ ने भागू नका. दोन चेंडू म्हणजे षटकाचा तिसरा हिस्सा, म्हणून ५.३३. ५२ धावांना ५.२ ने भागलं तर १० येतात, खरा आकडा ९.७५. एवढ्या फरकावर सुपर सिक्स जातो. त्याआधी मात्र आपसातल्या सामन्याचा निकाल बघा. आठ षटकांत एखादं २८ धावांचं षटक रनरेट कुठल्या कुठे नेतं.

स्पर्धा एप्रिल-मेमध्ये असेल तर वळीव गृहीत धरा. दुपारी तीनला आभाळ भरून आलं की दोन सामने गेलेच. किमान चार षटकं झाली नाहीत तर राखीव दिवशी खेळवा. गुण वाटून दिले की वेस्ट इंडिजसारखा एखादा संघ पावसापायी घरी बसतो. आणि कमी षटकांचं लक्ष्य सांगताना “जिंकायला किती” हेच सांगा. ३ मार्च २००३ ला डर्बनला श्रीलंकेविरुद्ध पाऊस येणार म्हणून आफ्रिकेच्या ड्रेसिंग रूममधून फलंदाजांना २२९ हवेत असा निरोप गेला. बाउचरने मुरलीधरनला षटकार मारला, २२९ झाले, आणि शेवटचा चेंडू त्याने नुसता अडवला. पाऊस आला, सामना थांबला. २२९ ला बरोबरी होती, जिंकायला २३० लागत होत्या. यजमान आफ्रिका तिथेच बाहेर. म्हणून गुणलेखकाने लक्ष्य खडूने फळ्यावर लिहून दोन्ही कर्णधारांची वहीत सही घ्यावी, मगच पंचांनी चेंडू द्यावा.