नकली कानातलं घातलं की कान चिघळतो. निकेलची ॲलर्जी असेल तर आयुष्यभर सोनंच घालायचं का? स्टीलची भांडीही टाकायची का?

भांडी टाकू नका, आणि सोन्याशिवायही बरंच काही घालता येतं. मला ही ॲलर्जी कॉलेजात असल्यापासून आहे आणि माझा स्वयंपाक आजही स्टीलच्याच भांड्यांत होतो.

धातूत निकेल आहे एवढ्याने त्रास होत नाही. ते धातूतून सुटून घामाबरोबर कातडीत उतरलं तर होतो. चांगल्या स्टीलमध्ये आठ-दहा टक्के निकेल असतं, पण ते आत घट्ट बांधलेलं असतं, हाताला फारसं लागत नाही. याउलट नकली कानातल्यावर बरेचदा निकेलचा मुलामा असतो, आणि पुण्यातल्या एप्रिल-मेच्या घामात तो झरझर सुटतो. म्हणून उन्हाळ्यात कान जास्त चिघळतो.

तुम्ही लिहिलंय की कधी कानातलं घातल्यावर लगेच काही होत नाही, म्हणून शंका वाटते. ही ॲलर्जी उशिराच उठते, साधारण बारा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही. रविवारी लग्नात झुमके घातले तर खाज मंगळवारी. तोवर घरात सगळ्यांचं ठरलेलं असतं की वांगं बाधलं. बेंबीखाली जीन्सच्या बटणाने उठलेला चट्टा तर हमखास नायटा समजला जातो, आणि मेडिकलमधून तीन-चार औषधं एकत्र केलेली ट्यूब येते. कृपया असली ट्यूब स्वतःच्या मनाने लावू नका. त्यात बहुधा कडक स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवस दबते, कातडी मात्र पातळ होत जाते.

आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून पॅच टेस्ट करून घ्या. व्हॅसलीनमध्ये कालवलेलं निकेल सल्फेट पाठीवर चिकटवतात, ४८ तास ठेवतात, मग काढून बघतात आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. तेवढे दिवस पाठ भिजवायची नाही, घाम गाळायचा नाही, म्हणून शक्य असेल तर भर मे महिन्यात नको. खासगी दवाखान्याचा खर्च जड वाटत असेल तर पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात चौकशी करा. ही तपासणी टाळू नका असं मी कळकळीने सांगते, कारण कधीकधी दोषी कोबाल्ट किंवा चामड्यातलं क्रोमियम निघतं आणि मग सगळी पथ्यं बदलतात.

निकेलच निघालं तर डायमिथिलग्लायॉक्झिमचं (निकेल ओळखणाऱ्या रसायनाचं) छोटं टेस्ट किट मागवा, ऑनलाइन मिळतं. बीएस्सीला केमिस्ट्री असलेल्यांना त्याचा गुलाबी-लाल साका आठवत असेल. कापसाच्या काडीवर थेंब घ्यायचे आणि दागिन्यावर अर्धा मिनिट घासायचं. कापूस गुलाबी झाला की निकेल सुटतंय. दागिना खराब होत नाही. मी एकदा घरातलं सगळं असं तपासलं. तुळशीबागेतल्या एका झुमक्याचा सोनेरी भाग कोरा निघाला आणि मागची फिरकी गर्द गुलाबी. कानाच्या भोकात जाते ती दांडी आणि फिरकीच, त्यामुळे समोरचं डिझाइन बघून काही कळत नाही. साडीच्या पिना, ब्लाउजचे हूक, हेल्मेटचं बकल, चष्म्याची दांडी, हेही तपासा.

दागिन्यांत बावीस कॅरेट सोनं सहसा चालतं, त्यात चांदी-तांब्याची भेसळ असते. चांगली चांदीही चालते. पांढऱ्या सोन्यात निकेल असू शकतं, सराफाला स्पष्ट विचारा. जर्मन सिल्व्हरपासून मात्र लांब राहा. त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, जस्त आणि निकेल असतं, आणि हल्लीचे काळपट ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिने बरेचदा त्याचेच असतात. एक ग्रॅमच्या मंगळसूत्राचा मुलामा मानेवर घासून उडतो, म्हणून तेही अधूनमधून काडीने बघत राहा. कानासाठी टायटॅनियमच्या दांड्या उत्तम. पाकिटावर ‘निकेल-फ्री’ छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. युरोपात तरी दर आठवड्याला चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅम (टोचलेल्या भोकात जाणाऱ्या दांड्यांसाठी ०.२) निकेल सुटण्याची मर्यादा कायद्याने घातली आहे, तिथल्या नियमात बसणारी वस्तू असेल तर बरी. धातूवर पारदर्शक नेलपॉलिश लावून एखादा समारंभ निभतो, रोजचं काम त्यावर होत नाही. जीन्सच्या बटणामागे मात्र जाड कापड शिवून घ्या, ते टिकतं.

खाण्याचं पथ्य बहुतेकांना लागत नाही. काजू, शेंगदाणे, हरभरा, सोयाबीन, ओट्स, कोको यांत निकेल जास्त असतं हे खरं, पण दाण्याचं कूट बंद केल्याने कानाची पाळी बरी होणार नाही. स्पर्श पूर्ण थांबवूनही तळहातावर बारीक पाणीदार फोड येत राहिले, तरच डॉक्टरांशी पथ्याबद्दल बोला. कोऱ्या स्टीलच्या पातेल्यात चिंचेची आमटी किंवा टोमॅटोचं सार तासन्‌तास उकळत ठेवू नका, इतपत काळजी पुरे. भांडं वापरात रुळलं की त्यातून निकेल सुटणंही कमी होतं.

ही ॲलर्जी सहसा जात नाही, पण धातू लांब ठेवला की वर्षानुवर्षं कातडी स्वच्छ राहते. सध्या कानाच्या पाळीतून पाणी येतंय ना? मग कानात काहीही घालू नका, टायटॅनियमसुद्धा नाही. पू दिसला किंवा पाळी गरम लागली तर पॅच टेस्टची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. आणि घरात कुणा लहानग्याचे कान टोचायचे असतील तर सोनाराकडून सोन्याच्या तारेनेच टोचून घ्या, कारण पुष्कळांना ही ॲलर्जी पहिल्यांदा जडते ती कान टोचल्यावर घातलेल्या स्वस्त कानातल्यामुळेच.