दीवला सासूबाईंना न्यायचं का?

प्रश्न: आम्ही बडोद्यात दांडिया बाजारला राहतो. डिसेंबरअखेर चार दिवस दीवला जायचं चाललंय. सोबत सासूबाई, वय ७२, गुडघे दुखतात, आणि मुलं ६ आणि ११ वर्षांची. यांना ३१ तारीखच हवीये. सासूबाई म्हणतात दीवला काय, सगळे प्यायलाच जातात. खरंच फॅमिलीने जाण्यासारखं आहे का?

उत्तर: ताई, सासूबाई चुकीचं नाही म्हणत, पण त्या ३१ तारखेबद्दल बोलतायत. गुजरातेत दारूबंदी, दीवला नाही, त्यामुळे दिवाळी आणि ३१ला अख्खा गुजरात तिथे लोटतो आणि हॉटेलवाले तोंडाला येईल तो भाव सांगतात. उत्तरायण (संक्रांत) झालं की वीकडेजना जा, तेच दीव एकदम निवांत असतं. वेरावळपर्यंत ट्रेन आणि पुढे नव्वदेक किलोमीटर टॅक्सी, म्हणजे गुडघ्यांना जरा आराम.

आता मेन गोष्ट. दीवला प्लॅन घड्याळावर नाही, भरती-ओहोटीवर करायचा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा जेवूनबिवून आरामात फुदम गावच्या गंगेश्वर मंदिरात पोचलो, तिथे कपारीत पाच शिवलिंगं आहेत पण आमच्यासमोर नुसत्या लाटा, एकही दिसेना, आणि आमच्या आई तिथेच पायरीवर हात जोडून बसल्या की देव पाण्यात आहे तर पाण्यालाच नमस्कार. दुसऱ्या दिवशी ओहोटीला परत गेलो तर पाचही मोकळी, एक लाट यायची, भिजवून जायची, अर्धा तास कोणी हललं नाही. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी आणि रोज वेळ साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, एवढं लक्षात ठेवलं की झालं. पायऱ्या ओल्या असतात, सासूबाईंचा हात सोडू नका.

मुलांना खेळायला घोघला बीच बरा, पूल ओलांडून पलीकडे, लांबच लांब वाळू, २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय मानांकन, मिळालाय त्याला. नागोआ बीच घोड्याच्या नालेच्या आकाराचा, सुंदर आहे पण वॉटर स्पोर्ट्सची कटकट फार. तिकडे होक्याची झाडं बघा, ताडासारखी पण फांद्या फुटलेली, फळाचा वरचा गर चावायचा, आतली बी दगड! आमच्या धाकट्याने ती बडोद्यापर्यंत खिशात आणली. जालंधर बीच खडकाळ, तिथे पोहायचं नाही, संध्याकाळी नुसतं बसायचं.

किल्ला मात्र सकाळीच. १५३५ मध्ये पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, समुद्रातला पाणीकोठा, म्हणजे छोटा जलदुर्ग, तिथून दिसतो. मोठ्याला सांगा की दीव १९ डिसेंबर १९६१ ला, गोव्याबरोबरच, आपल्याकडे आलं. आणि चक्रतीर्थ बीचजवळ आपल्या खुकरी युद्धनौकेचं स्मारक आहे, ९ डिसेंबर १९७१ ला ते जहाज पाकिस्तानी पाणबुडीने बुडवलं, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिथे माझ्या मुलांची बडबड आपोआप थांबली होती.

आणि चिवडा नेणार असाल तर घट्ट झाकणाच्या डब्यात न्या, समुद्राच्या हवेत आमचा अर्ध्या तासात सादळला, तरी आई म्हणाल्या टाकू नका, आणि त्यांनीच संपवला.