वाचकांचे प्रश्न : बोडीची पाळ, मासे आणि पाणपक्षी

प्रश्न : गोंदिया जिल्ह्यात आमच्या धानशेतीच्या वरच्या अंगाला सुमारे एक एकराची वडिलोपार्जित बोडी (शेताला पाणी देणारा छोटा तलाव) आहे. तिच्या मातीच्या पाळीवर बेशरमाची झुडपे आणि दोन-तीन मोठी झाडे वाढली असून, पावसाळ्यात शेताकडच्या पायथ्याशी पाणी झिरपते. यंदा गाळ काढून बोडीत मासे सोडावेत आणि पाणपक्ष्यांनाही आसरा राहावा, असा विचार आहे. गेल्या वर्षी सोडलेले मासे सांडव्यावाटे (जादा पाणी बाहेर जाण्याच्या वाटेने) वाहून गेले, म्हणून तेथे बारीक जाळी बसवावी असे गावातील काहींचे म्हणणे आहे. ते योग्य ठरेल का?

उत्तर : जाळीच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण बाकी काही चुकले तर मासे जातील, पण येथे चुकले तर पाळच जाईल. सांडव्यावर बारीक जाळी ताणली की पहिल्याच जोराच्या पावसात तिच्यावर पालापाचोळा, धानाचा पेंढा आणि शेवाळ येऊन बसते, पाण्याची वाट बंद होते, आणि पातळी चढून पाणी पाळीच्या सर्वांत बसक्या जागेवरून सांडू लागते. मातीची पाळ माथ्यावरून वाहणारे पाणी सोसू शकत नाही. एकदा घळ पडली की काही तासांत ती कापली जाते आणि खालचे धान गाळाखाली जाते.

मासे अडवायचेच असतील तर बांबूच्या कामट्यांचा कूड सांडव्याच्या तोंडावर न लावता बोडीच्या आत, तोंडापासून काही अंतर राखून अर्धवर्तुळात रोवावा, म्हणजे पाण्याला निघून जाण्यासाठी सांडव्याच्या रुंदीच्या कितीतरी पट जागा मिळते. कुडाची उंची पाळीच्या माथ्यापेक्षा निदान हातभर कमी ठेवावी आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर त्यावरचा कचरा काढावा. हा कूड जूनपासून रोवण्याची मात्र गरज नाही. पहिल्या पुरात स्थानिक मासे प्रवाहाविरुद्ध चढून वर येतात व उथळ पाण्यात अंडी घालतात. त्यांची ती वाट मोकळी असू द्यावी. आपण विकत आणलेले मत्स्यबीज (माशांची पिल्ले) पहिले पूर ओसरल्यावर, जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये सोडले आणि कूडही तेव्हाच रोवला, तर दोन्ही गोष्टी साधतात.

आता झिरपण्याविषयी. मातीच्या पाळीतून थोडे पाणी झिरपणारच. ते स्वच्छ आहे की गढूळ, हे पाहावे. पायथ्याशी येणारे पाणी काचेच्या बरणीत धरून तासभर स्थिर ठेवावे. तळाशी मातीचा थर बसला, तर पाणी पाळीच्या पोटातील माती घेऊन येत आहे असे समजावे आणि बोडीची पातळी ताबडतोब उतरवावी. पाणी नितळ असेल, तर ओलीच्या जागी आधी जाड वाळू, तिच्यावर गिट्टी आणि वर दगड असा थर रचावा. त्यातून पाणी निघून जाते व माती जागेवर राहते. ओल दिसते म्हणून बाहेरून चिकणमाती थापणे घातक आहे, कारण पाणी आत कोंडते आणि पाळ बाहेरच्या अंगाला ढासळते. चिकणमातीची जागा पाळीच्या गाभ्यात आणि पाण्याकडच्या अंगाला असते. बाहेरच्या बाजूला मुरूम चालतो.

बेशरम पावसापूर्वी मुळासकट उपटून पूर्ण वाळवावे. ओल्या गाळावर पडलेल्या तुकड्यालाही पुन्हा फूट येते. मोठी झाडे मात्र तोडून मोकळे होऊ नका. झाड मेले की मुळे कुजतात आणि त्यांच्या जागी पाण्याला आयत्या नळ्या मिळतात. ती काढायची तर मुळे खणून काढावीत आणि खड्डा ओलसर मातीने वीतभर जाडीच्या थरांत धुम्मस करत (ठोकून दाबत) भरावा. हे उन्हाळ्यात होणार नसेल तर यंदा ती उभीच असू द्यावीत. पाळीवर हरळी किंवा वाळा लावणे सर्वांत चांगले. खेकड्यांची व उंदरांची बिळेही याच वेळी बुजवावीत. २०१९ मध्ये चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले तेव्हा खेकड्यांवर खापर फोडले गेले आणि त्याची पुष्कळ थट्टा झाली. बिळांनी पाळ कमकुवत होते हे खरेच आहे, पण ती वर्षानुवर्षे न बुजवणारे खेकडे नसतात.

गाळ काढताना पाळीचा पायथा सोडून खणावे आणि तळाचा चिकण थर फोडून मुरमापर्यंत जाऊ नये, नाहीतर बोडी दिवाळीपर्यंतच कोरडी पडेल. संपूर्ण तळ सपाट खरवडण्याऐवजी मध्यभागी उन्हाळ्यातही पुरुषभर पाणी टिकेल असा डोह करावा आणि एक काठ उथळ, उतरता राखावा. त्या काठावरच्या देवधानात (रानटी भातात), कमळांच्या पानांत आणि पाणवनस्पतींत स्थानिक मासे वाढतात, कमळपक्षी व अडई बदके वावरतात. सारसही अशाच उथळ पाण्यात कंद शोधतो. रोहू, कटला आणि मृगळ साचलेल्या पाण्यात प्रजनन करत नाहीत, त्यामुळे त्यांचे बीज दरवर्षी सोडावे लागते. गवत्या मासा (ग्रास कार्प) पाणवनस्पती फस्त करतो आणि सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरून पाणी गढूळ करतो, म्हणून पक्षी हवे असतील तर हे दोन्ही टाळावेत. थाई मांगूर पाळण्यास तर बंदीच आहे.

प्रश्न : पाणकावळे मत्स्यबीज खाऊन टाकतात. तलावावर नायलॉनचे जाळे पसरावे का? (भंडारा जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर : पसरू नये, त्यात पक्षी अडकून मरतात आणि सारखे दुरुस्तीचे काम मागे लागते. नुकसान बहुधा बोटभर बीज सोडल्यामुळे होते. वीतभर लांबीचे बीज सोडले, तर बगळे व ढोकरी यांच्या तावडीत ते सहसा सापडत नाही. डोहाच्या कडेला बाभळीच्या काटेरी फांद्या बुडवून ठेवल्या की माशांना पाणकावळ्यांपासून लपण्यास जागा मिळते, आणि रात्री चोरून जाळे फेकणाऱ्याचीही पंचाईत होते. मासेमारीच्या आधी त्या बाहेर काढण्यास मात्र दोन माणसे लागतील, एवढा हिशोब धरावा.